नाव झाकून चालेल का?



गेल्या आठवड्यात एका गृहस्थांचा फोन आला. पुण्यात त्यांचं नवं हॉटेल होतंय आणि भिंतींवर लावायला त्यांना ‘जुनं, वेगळं, लाल’ असं काहीतरी हवंय. माझ्या खोक्यांबद्दल त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. मी मोबाईलवर चार-पाच फोटो पाठवले. लगेच उत्तर आलं, दोन चेहरे असलेली सगळी घेतो, एक चेहऱ्याची दहा-बारा, बाकीची नकोत. पैसे चांगले देत होते, खोटं कशाला बोलू. शेवटी म्हणाले, “आणि ताई, ते हातानं लिहिलेलं जरा गचाळ दिसतं हो. फ्रेम करताना तेवढं झाकून घेऊ.”

“उद्या सांगते” म्हणून मी फोन ठेवला आणि कणीक मळायला बसले. कणीक नेहमीपेक्षा घट्ट झाली.

नव्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. २००६ ते २०१० अशी चार वर्षं आम्ही मॉस्कोत होतो. ह्यांची औषधांच्या कंपनीतली नोकरी, मुलं लहान, आणि बाहेर सहा महिने बर्फ. तिथला चौविहार, कांदा-लसणाविना स्वयंपाक, ग्रेच्काची खिचडी, हे सगळं मी पूर्वी लिहिलंय, आज ते नको. रविवारी आम्ही इझ्माइलोव्होच्या बाजारात जायचो. पार्तिझान्स्काया मेट्रो स्टेशनवर उतरून चालत. पाहुणे तिथे एकात एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्या घ्यायला जातात, मीही त्यासाठीच गेले होते. पण जुन्या वस्तूंच्या भागात म्हाताऱ्या बायका आणि पुरुष सतरंजीवर सामान मांडून बसलेले असत. चमचे, इस्त्र्या, घड्याळं, बिल्ले. आणि कागद.

तो कागद म्हणजे ‘पोच्योत्नाया ग्रामोता’, आपल्या भाषेत सन्मानपत्र. सोव्हिएत काळात ते कारखान्यात मिळे, शेतावर मिळे, दवाखान्यात, शाळेत, खेळात, भिंतीवरचं वार्तापत्र चांगलं लिहिलं म्हणूनही मिळे. वर लेनिनचा चेहरा, लाल झेंडे, गव्हाच्या ओंब्या, कोयता-हातोडा. खाली छापलेल्या ओळी आणि मधे मोकळी जागा. त्या जागेत ज्याचं अक्षर चांगलं असेल त्याच्याकडून नाव आणि कामगिरी लिहून घेत. मग गोल शिक्का, आणि बहुतेक वेळा तीन सह्या: कारखान्याचा संचालक, पक्षाचा सचिव आणि कामगार संघटनेचा अध्यक्ष. ह्या तिघांना तिथे ‘त्रिकोण’ म्हणत. कागद द्यायचे दिवसही ठरलेले, १ मे, ७ नोव्हेंबर, आणि बायकांसाठी ८ मार्च.

पदकांचा बाजार वेगळा. सोव्हिएत सरकारी पदकं विकणं किंवा विकत घेणं हा रशियात फौजदारी गुन्हा आहे, त्यामुळे ती कुणी उघड मांडत नाही. कारखान्याचं सन्मानपत्र त्या कायद्यात येत नाही. ते सतरंजीवर उघडं पडलेलं असतं, आणि मी होते तेव्हा तरी पावाच्या लादीच्या आसपास त्याची किंमत असे.

मला आधी आवडला तो रंग. मग अक्षरं लावायला लागले. छापील रशियन अक्षरं दोन महिन्यांत येतात, हातानं लिहिलेली मात्र घाम काढतात. हातानं लिहिलेला त आपल्याला इंग्रजी एमसारखा दिसतो, इ यूसारखा आणि द जीसारखा. एकेका ओळीला एक संध्याकाळ जायची. शेजारच्या आजी चष्मा लावून मदत करायच्या आणि वर म्हणायच्या, “असले कागद आमच्याकडे कपाटभर आहेत, तू पैसे देऊन घेतेस?”

हळूहळू तारीख झाकूनही साल सांगता यायला लागलं. हा खेळ मला फार आवडतो. सोव्हिएत राजमुद्रेवर गव्हाच्या ओंब्यांना लाल फीत गुंडाळलेली असते आणि तिच्या प्रत्येक वेढ्यावर एकेका घटक प्रजासत्ताकाच्या भाषेत घोषवाक्य असतं. वेढे अकरा असले तर कागद १९४६ च्या आधीचा, सोळा असले तर १९४६ ते १९५६ मधला, पंधरा असले तर त्यानंतरचा. सोळाचे पंधरा कसे झाले? १९५६ मध्ये कारेलो-फिनिश प्रजासत्ताक रशियात विलीन केलं गेलं, म्हणून फितीचा एक वेढा कमी झाला. तसंच चेहऱ्यांचं. लेनिनच्या जोडीला स्टालिन असेल तर कागद साधारण पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंतचा. फेब्रुवारी १९५६ मध्ये विसाव्या पक्ष अधिवेशनात ख्रुश्चेव्हनं स्टालिनवर टीका केली, त्यानंतर ते चित्र छापणं बंद झालं. हॉटेलवाल्यांचे ‘दोन चेहरे’ ते हेच. बाजारात त्यांनाच जास्त भाव असतो.

आता माझी चूक सांगते. इतकी वर्षं ती कुणाला सांगितली नव्हती.

२००७ चा हिवाळा होता. एका माणसाकडे सुतळीनं बांधलेला गठ्ठा होता. त्यानं सुतळी सोडून कागद पत्त्यांसारखे पसरले. सगळे एकाच बाईचे, कालीनिन प्रांतातल्या एका शिक्षिकेचे. शाळेतली सन्मानपत्रं, जिल्ह्याची, कामगार संघटनेची, एक निवृत्तीचं. गठ्ठा पूर्ण घ्यायचा तर त्यानं सांगितलेली रक्कम मला त्या आठवड्यात जड होती. “एकच घ्या मग,” तो म्हणाला. मी सर्वांत देखणं उचललं, १९५० चं, दोन चेहऱ्यांचं, सोनेरी किनारीचं. पुढच्या रविवारी बाकीचं न्यायचं असं ठरवून गेले, तर तिथे दोनच उरले होते, तेही दुमडलेले. बाकीचे एकेक करून वेगवेगळ्या लोकांनी नेले होते. त्याला विचारलं, ही बाई कोण, घर कुठलं? त्यानं खांदे उडवले. त्यालाही ते दुसऱ्या कुणाकडून आले होते.

ते १९५० चं सन्मानपत्र अजून माझ्याकडे आहे. त्यावरून एवढंच कळतं की ती शाळेत शिकवत होती आणि चांगलं शिकवत होती. ती पुढे मुख्याध्यापिका झाली का, एकाच गावात राहिली का, काय शिकवलं, हे सगळं त्या पसरलेल्या कागदांत होतं. मी गठ्ठ्याची पहिली गाठ सोडवली नसेल, पण एक कागद काढून तो फोडायला मदत मीही केली. त्या दिवसापासून एक नियम केला: घ्यायचा तर अख्खा गठ्ठा, नाहीतर हात लावायचा नाही. चार वर्षांत त्यामुळे फार थोडे गठ्ठे झाले. सध्या माझ्याकडे ११२ कागद आहेत, आणि त्यांतले बहुतेक फक्त नऊ माणसांचे आहेत. सातजणी बायका.

सासूबाईंनी पहिल्यांदा खोकी पाहिली तेव्हा त्यांचा प्रश्न अगदी अपेक्षित होता. “परिग्रह कमी करा म्हणून तूच लिहितेस ना?” मी गप्प बसले. त्याला माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही. एवढं खरं की त्या दिवसानंतर मी नवीन काही घेतलेलं नाही. जे आहे ते नीट ठेवायचं, एवढंच.

त्यांचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. “ह्याच्याबरोबर पैसे मिळायचे का गं?”

कधी मिळायचे, कधी नुसता कागदच. तिथले लोकही ह्यावर हसायचे, बोनसऐवजी कागद म्हणून. आणि नुसतं हसण्यावारी न्यावं असंही ते नव्हतं. माझ्या सर्वांत मोठ्या गठ्ठ्यातली बाई इव्हानोव्हो भागातली विणकर. २७ कागद, पहिला १९४३ चा, शेवटचा १९७९ चा. इव्हानोव्हो म्हणजे सूतगिरण्यांचा भाग, तिथे बायकांची संख्या इतकी की त्याला ‘नवऱ्यांचं शहर’ नव्हे तर ‘नवरींचं शहर’ म्हणत. आम्ही इचलकरंजीचे, त्यामुळे मागांचा खडखडाट मला न ऐकताही ऐकू येतो. ह्याच भागातल्या विचुगा गावात १९३५ मध्ये दुस्या आणि मारुस्या विनोग्रादोव्हा ह्या दोघी विणकरणींनी दोनशेहून जास्त स्वयंचलित माग सांभाळून दाखवले होते. आडनाव एक, पण त्या बहिणी नव्हेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्ताखानोव्ह नावाच्या खाणकामगारानं एका पाळीत १०२ टन कोळसा काढला, ठरलेल्या प्रमाणाच्या चौदा पट, आणि देशभर विक्रमांची लाट आली. त्याच्या हाताखाली खाणीला लाकडी आधार लावणारी माणसं होती, त्यांची नावं मात्र कुणाच्या तोंडी नाहीत.

तर १९४३ चा तो कागद. पातळ, पिवळट, युद्धकाळातला. कामाच्या उच्च कामगिरीबद्दल म्हणून दिलेला. वाचायला छान वाटतं. पण जून १९४० पासून तिथे असा हुकूम होता की परवानगीशिवाय नोकरी सोडायची नाही आणि वीस मिनिटांहून जास्त उशीर झाला तर तो गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत पगारातून कपात. एकोणीस वर्षांची मुलगी मागावर उभी आहे, आणि उशीर झाला तर खटला, चांगलं केलं तर हा कागद. दोन्ही एकाच सरकारचं. म्हणून सोव्हिएत काळाच्या आठवणीनं गहिवरून ही सन्मानपत्रं जमवणारे आणि ‘सगळा खोटा प्रचार’ म्हणून हसणारे, दोघांशीही माझं पटत नाही. कागद छापणारा खोटं बोलत असेल. मागावर उभी असलेली बाई खोटी नव्हती.

घरच्या कामाला मात्र तिथेही कागद नव्हता. अपवाद एकच, मुलं. जुलै १९४४ मध्ये ‘माता-वीरांगना’ हा किताब सुरू झाला. दहा मुलं जन्माला घालून वाढवणाऱ्या आईला, शेवटचं मूल वर्षाचं झालं की, पदक आणि थेट सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षमंडळाचं सन्मानपत्र. पाच आणि सहा मुलांना मातृत्वाचं पदक, सात ते नऊ मुलांना ‘मातृगौरव’. पहिल्या किताबांपैकी एक मॉस्कोजवळच्या आन्ना अलेक्साखिना ह्यांना मिळाला. बारा मुलं, आठ मुलगे युद्धावर गेले, चार परतले नाहीत. आणि दुसरीकडे, १९४१ पासून मूल नसलेल्या माणसांवर कर होता, लग्न झालेल्या पण मूल नसलेल्या बाईवरसुद्धा. हे सांगितलं तेव्हा सासूबाई आधी हसल्या. “आमच्या आजेसासूबाईंना अकरा झाली, त्यांना मिळालं असतं की.” मग जरा वेळानं म्हणाल्या, “आणि धाकट्या काकूंना कर.” आमच्या धाकट्या चुलत सासूबाईंना मूल झालं नाही. पुढे आम्ही दोघी त्यावर बोललो नाही.

त्या विणकर बाईच्या २७ कागदांत १९५१ ते १९५४ हा काळ रिकामा आहे. मला वाटायचं काही कागद हरवले असतील. एकदा दुपारी मी ते क्रमानं लावत असताना सासूबाईंनी नुसत्या तारखा ऐकल्या आणि म्हणाल्या, “पोरं लहान असतील तेव्हा.” खरं-खोटं मला माहीत नाही. पण मी इतकी वर्षं सह्या आणि शिक्के बघत होते आणि हे मला सुचलं नव्हतं. तिथे १९५६ पर्यंत बाळंतपणाची रजा ७७ दिवस होती, मग ११२ झाली. रजा संपल्यावर पाळणाघर, रांगा, स्वयंपाक, धुणं, आणि पुन्हा माग. १९६९ मध्ये नोव्ही मीर ह्या मासिकात नताल्या बारान्स्काया ह्यांची एक कथा आली, नोकरी करणाऱ्या दोन मुलांच्या आईच्या एका आठवड्याची. त्या आईच्या दिवसात आणि आपल्या दिवसात मला तरी फारसा फरक दिसला नाही. ८ मार्चची सुट्टी मात्र त्यांना १९६६ पासून मिळाली. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक कोण करत होतं ते विचारायला नको.

आता नावाकडे येते, कारण हॉटेलवाल्यांचं ‘झाकून घेऊ’ मला तिथेच लागलं.

माझ्या विणकर बाईचं आडनाव १९४७ च्या कागदापासून बदलतं. पहिल्यांदा मला वाटलं गठ्ठ्यात दुसरीचे कागद मिसळलेत. मग लक्षात आलं, तिचं नाव तेच आणि मधलं वडिलांचं नाव तेच. रशियन बाईचं आडनाव लग्नानं बदलतं, पण वडिलांचं नाव मरेपर्यंत तिच्याबरोबर राहतं. त्या मधल्या नावाच्या धाग्यानं मला ती ३६ वर्षं सापडत गेली. आपल्याकडे काय होतं? आडनाव जातं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आणि आमच्या सासूबाईंच्या पिढीत तर कित्येकींचं स्वतःचं नावही लग्नात बदललं. तीनही शब्द गेले. धागा कुठून धरायचा?

हे मी उगीच म्हणत नाही. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या आवराआवरीत ह्यांनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढली. त्यात जुन्या पावत्या होत्या आणि त्यांत एक दाखला, सातवी फायनल पास झाल्याचा, १९५६ चा. ह्यांनी नाव वाचलं आणि म्हणाले, “हे कुणाचं? आपल्यात ह्या नावाचं कुणी नाही.” आणि रद्दीत टाकला. स्वतःच्या आईचं माहेरचं नाव त्यांना माहीत नव्हतं. ह्यांचा दोष काढत नाही, मलाही माहीत नव्हतं, आणि मी तर परक्या बाईंची नावं भिंगातून वाचत बसलेली! सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, रद्दीच्या वर तो कागद दिसला आणि काही न बोलता उचलून पदरानं पुसायला लागल्या. मी म्हटलं, पुसू नका, शाई जाईल. तेव्हा म्हणाल्या, “वर्गात पहिली आले होते मी.” आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

म्हणून माझं मत सांगते, पटलं तर घ्या. सन्मानपत्र जमवणारे काही लोक कोरे छापील नमुने शोधतात, न भरलेले, स्वच्छ. त्यावर वाढदिवसाला गमतीचा मजकूर लिहून भेट देणारेही आहेत. ज्यांना छपाईची आवड आहे त्यांनी ते जरूर करावं. पण भरलेला कागद घेऊन त्यावरचं माणूस झाकायचं असेल तर कोराच घ्यावा. लेनिनचा चेहरा लाखो कागदांवर आहे. हातानं लिहिलेली ती ओळ एकाच कागदावर असते.

आणि ज्यांच्या घरी आईचे, सासूचे, आजीचे असले कागद आहेत, मग ते शिवणवर्गाचे असोत की पाठशाळेच्या परीक्षेचे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. लॅमिनेशन करू नका, एकदा केलं की निघत नाही. सेलोटेप लावू नका, काही वर्षांनी पिवळा डाग सोडते. ओल्या फडक्यानं पुसू नका, जांभळ्या शिक्क्याची शाई लगेच पसरते. उन्हात लावलेली फ्रेम लाल रंग खाते. एकेक कागद वेगळ्या पाकिटात, आडवा, कोरड्या खोक्यात ठेवा. कोकणात किंवा कोल्हापूरकडे पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा सगळं उघडून सावलीत वारं द्या. कसर लागल्यावर मारायची वेळ आणण्यापेक्षा ती येणारच नाही असं कोरडं ठेवणं आपल्याला बरं. आणि पाठीमागे पेननं काही लिहू नका. वेगळी चिठ्ठी करा.

चिठ्ठ्यांचं काम आमच्याकडे चालू आहे. मी रशियन ओळ वाचून मराठीत सांगते, सासूबाई त्यांच्या वळणदार अक्षरात लिहितात. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, काम, साल. ११२ पैकी ३८ झालेत. विणकर बाईचा शेवटचा कागद निवृत्तीचा आहे, अनेक वर्षांच्या प्रामाणिक कामाबद्दल. १९५६ च्या कायद्यानं तिथे बाईला ५५ व्या वर्षी पेन्शन मिळे. तो लिहून झाल्यावर सासूबाईंनी हिशेब केला आणि म्हणाल्या, “म्हणजे माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठी.”

हॉटेलवाल्यांना मी दुसऱ्या दिवशी नाही म्हणून कळवलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, मग कोरे कुठे मिळतील? जे माहीत होतं ते सांगितलं.

सासूबाईंचा दाखला आता त्याच खोक्यात, तसल्याच पाकिटात आहे. त्याची चिठ्ठी त्यांनी एकट्यानं लिहिली. वर माहेरचं पूर्ण नाव, खाली सासरचं, आणि कामाच्या जागी बराच वेळ पेन धरून बसल्या. मग लिहिलं, ‘कांड्या भरल्या, घर केलं.’ मी ती तशीच पाकिटात घातली.